बॅटरीत किती उरलंय?

रात्री तीनच्या सुमारास मला जाग आली ती आवाज बंद पडल्यामुळे. आमच्या ट्रेलरमधल्या हीटरचा पंखा संध्याकाळपासून घुर्रघुर्र करत होता, तो थांबला होता. २०२२ चा सप्टेंबर संपत आला होता आणि आम्ही कोलोरॅडोच्या दक्षिणेला ग्रेट सँड ड्यून्सला मुक्कामाला होतो. उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत उंच वाळूच्या टेकड्या, मागे डोंगर, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरची उंची. दिवसा आमची लेक अनवाणी वाळूत लोळत होती आणि रात्री पारा शून्याजवळ. ट्रेलरमध्ये आम्ही तिघं आणि साताऱ्याहून आलेले आई-बाबा. आई ७४ वर्षांची, बाबा ७८.

ट्रेलर म्हणजे काय ते तिकडच्या मंडळींसाठी सांगते. चाकांवरचं एक छोटं घर, स्वतःचं इंजिन नसलेलं. आपल्या गाडीच्या मागे अडकवायचं आणि ओढत न्यायचं. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर. स्वयंपाक, फ्रिज आणि हीटर गॅसवर चालतात. पण हीटरचा पंखा, दिवे आणि पाण्याचा पंप ह्यांना लागते १२ व्होल्टची वीज, आणि ती देते पुढच्या दांडीवर बसवलेली एक बॅटरी. गॅसचे दोन्ही सिलिंडर भरलेले असले तरी पंख्याला जोर नसेल तर हीटर पेटतच नाही. आत एक पातळ पात्याचा स्विच असतो, तो पंख्याच्या वाऱ्याने हलला तरच गॅसला वाट मिळते. सुरक्षेसाठी आहे ते, आणि बरोबरच आहे. पण त्या रात्री मला त्याचं कौतुक वाटलं नाही.

आम्ही सगळ्यांच्या अंगावर सापडेल ते पांघरूण घातलं. बाबा उठून बसले होते, डोक्याला कानटोपी. मी टॉर्च मारून भिंतीवरचं पॅनेल पाहिलं. त्याच्यावर चार बारके दिवे असतात : चार्ज, गुड, फेअर, लो. बटण दाबलं की बॅटरीच्या तब्येतीप्रमाणे पेटतात. झोपायच्या आधी मी स्वतः बटण दाबलं होतं, तेव्हा 'गुड' पेटला होता. आता एकही नीट पेटेना.

"संध्याकाळी तर चांगली होती हो बाबा," मी म्हटलं.

"ग्रॅव्हिटी किती होती?" बाबांनी विचारलं.

हा प्रश्न मी जवळजवळ २५ वर्षांनी ऐकत होते.

बाबा टेलिफोन खात्यात होते. साताऱ्याच्या आधी दोन-तीन गावी बदल्या झाल्या, पण माझ्या आठवणीत सगळी एक्स्चेंजेस सारखीच आहेत. एका खोलीत खडखड करणारे स्विच आणि मागच्या बाजूला एक्झॉस्ट फॅन लावलेली बॅटरी रूम. तिथे दोन-दोन व्होल्टचे २४ सेल ओळीने मांडलेले, सगळे मिळून ५० व्होल्टच्या आसपास. गावातले दिवे गेले तरी टेलिफोन चालायचा तो ह्यांच्या जिवावर. खोलीला एक आंबूस, घशाला लागणारा वास. ॲसिडच्या शिंतोड्यांनी बाबांच्या सुती पँटींना बारीक भोकं पडायची आणि आई दर दिवाळीला त्यावरून बोलायची.

तिथे एक लांबट काचेची नळी असायची, वर रबरी फुगा, आत तरंगणारी काचेची बाहुली. फुगा दाबून सोडला की सेलमधलं ॲसिड नळीत चढायचं आणि बाहुली कुठपर्यंत बुडते त्यावरून आकडा वाचायचा. हाच हायड्रोमीटर. १.२०० असेल तर बाबा 'बाराशे' म्हणायचे. २४ सेल रोज मोजायला वेळ नसतो, म्हणून त्यातला एक 'पायलट सेल' ठरवलेला. त्याचा आकडा, तापमान आणि व्होल्टेज नेमाने रजिस्टरमध्ये लिहायचं. उजेड गेला की बाबांच्या डोळ्यांपुढे आधी ते रजिस्टर येत असणार.

पहाटे चहाबरोबर (शेगडी पेटायला वीज लागत नाही, देवाची कृपा) बाबांनी पेपर नॅपकिनवर हिशोब मांडला. हीटरचा पंखा साधारण ७ अँपिअर खातो. आठ तासांत निम्मा वेळ चालला असं धरलं तर २८ अँपिअर-तास. दिवे, पंप, फ्रिजचं सर्किट, गॅस गळतीचा अलार्म ह्यांचे मिळून आणखी दहा. बॅटरी कागदावर ८० ची, पण ट्रेलर जुना विकत घेतलेला आणि बॅटरी त्याच्याबरोबर आलेली. "हिच्यात चाळीस तरी होते का?" बाबा म्हणाले. आणि तो 'गुड'चा दिवा? आम्ही दिवसभर गाडी चालवून आलो होतो, गाडीचा अल्टरनेटर वाटेत बॅटरीला थोडं चारत होता. चार्जिंग नुकतंच थांबलं असेल तर शिसं-ॲसिड बॅटरी काही तास वरवर टवटवीत दिसते, व्होल्टेज फुगलेलं असतं. पॅनेल फक्त व्होल्टेज बघतं. पूर्ण भरलेल्या आणि पाव उरलेल्या बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये जेमतेम पाऊण व्होल्टचा फरक, साधारण १२.७ आणि १२.०. त्यात चार दिवे बसवायचे म्हणजे घरचा सगळा जमाखर्च 'बरं चाललंय' एवढ्यावर सांगण्यासारखं आहे.

आई-बाबा नोव्हेंबरात परत गेले. मी मात्र त्या हिवाळ्यात एकाच प्रश्नाच्या मागे लागले : बॅटरीत किती उरलंय हे माणसाला कळायला लागलं कधी? आणि कळत होतं तर आमच्या ट्रेलरला का नव्हतं?

पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी गास्ताँ प्लाँते ह्या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये केली. तिला तयार व्हायला भरणं-रिकामं करणं असे फेरे महिनोन्महिने करावे लागायचे, त्यामुळे बरीच वर्षं ती प्रयोगशाळेतच राहिली. १८८१ मध्ये कामीय फोर ह्याने शिशाच्या पत्र्यांवर शेंदराचा लेप द्यायची युक्ती काढली आणि बॅटरी एकदम बाजारात आणण्यासारखी झाली. (हो, तोच शेंदूर, शिशाचा. देवाला लावायचा.) त्याच वर्षी अशा बॅटरीची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसनकडे पाठवण्यात आली. हे थॉमसन पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले. पेटीत दहा लाख फूट-पाउंड एवढी ऊर्जा आहे असं सांगितलं गेलं आणि 'पेटीत बंद केलेली वीज' म्हणून वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. मी तो आकडा आजच्या भाषेत करून पाहिला. साधारण ३७७ वॉट-तास. आमच्या हीटरचा पंखा तिच्यावर साडेचार तास चालला असता! रात्रीचे अकरा ते पहाटेचे साडेतीन.

पण पेटी आली, त्यातली अर्धी वीज वापरली, आता उरली किती? बाहेरून पेटी तशीच दिसते. रॉकेलच्या डब्यासारखी हलवून बघता येत नाही. वजन तेवढंच, रंग तोच.

ह्याचं पहिलं भरवशाचं उत्तर बॅटरीच्या ॲसिडमध्येच होतं. १८८२ मध्ये ग्लॅडस्टन आणि ट्राइब ह्या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की बॅटरी रिकामी होताना गंधकाम्ल दोन्ही प्रकारच्या पत्र्यांमध्ये शोषलं जातं, लेड सल्फेट होतं आणि मागे पाणी वाढतं. भरताना ते ॲसिड परत बाहेर येतं. म्हणजे ॲसिड किती जड आहे ते मोजलं की पत्र्यांमध्ये काय चाललंय ते कळतं. आणि द्रव किती जड आहे ते मोजायचं साधन तर फार जुनं. इसवी सन ४०० च्या सुमारास सिनेसियस नावाच्या एका शिष्याने अलेक्झांड्रियाच्या हायपेशियाला पत्र लिहून असं एक तरंगतं उपकरण करवून घे म्हणून विनवलं होतं, ते पत्र टिकून आहे. बाबांच्या हातातली काचेची बाहुली ही अशी दीड हजार वर्षांहून जुन्या खानदानातली. दारूवर कर बसवणारे अधिकारी तिचा उपयोग करत होते, दूधवाल्याला पकडणारेही करत होते. बॅटरीवाल्यांनी ती उचलली.

दुसरं उत्तर वेगळ्या दिशेने आलं. आत काय आहे ते बघूच नका, दारात उभे राहा आणि जाणारं-येणारं मोजा. सप्टेंबर १८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं तेव्हा गिऱ्हाइकाने किती वीज वापरली हे मोजायला फिरत्या चकतीचा मीटर नव्हताच. त्याने बरणीत जस्ताच्या दोन पट्ट्या बुडवल्या. वीज गेली की एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर बसतं, आणि ते अगदी हिशोबाने, एका अँपिअर-तासाला १.२२ ग्रॅम. कंपनीचा माणूस महिन्याला पट्ट्या काढून नेई, तराजूत तोली आणि बिल करी. थंडीत बरणीतलं पाणी गोठू नये म्हणून पेटीत आपोआप लागणारा एक दिवाही ठेवलेला. गंमत म्हणजे सगळी वीज त्या बरणीतून जात नसे, बरणी लगेच संपली असती. मुख्य प्रवाह एका जाड, कमी रोधाच्या वाटेने जाई आणि त्याचा ठरावीक बारीक अंश बरणीतून. त्या जाड वाटेला म्हणतात शंट. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे मी तो हातात धरून थंडीत कुडकुडत उभी आहे.

आता कुणालाही वाटेल की झालं, सुटला प्रश्न. ८० अँपिअर-तास भरले, ३० काढले, ५० उरले. इथे १८९७ मध्ये विल्हेल्म प्यूकर्ट हा जर्मन गृहस्थ मध्ये येतो. त्याने मोजून दाखवलं की शिसं-ॲसिड बॅटरी घाईने रिकामी केली तर देतेच कमी. सावकाश मागा, जास्त मिळेल. समजा १०० अँपिअर-तासांची बॅटरी आहे. हा १०० चा आकडा सहसा २० तासांत, म्हणजे ५ अँपिअरने सावकाश काढायचा असतो. तीच २० अँपिअरने ओढली तर सरळ भागाकाराने पाच तास चालायला हवी, पण प्यूकर्टचा घातांक १.२ धरला तर पावणेचार तासांच्या थोडी पुढे बसते. हातात पडतात सुमारे ७६. बाकीचे २४ नाहीसे होत नाहीत, ॲसिडला पत्र्यांच्या आतपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही एवढंच. मला हे वाचताना आमच्या आत्याची आठवण झाली. तिच्याकडून काही हवं असेल तर गोडीने, थोडं थोडं मागावं लागे. असो.

ह्या सगळ्याची खरी गरज पडली विजेच्या मोटारींना. हो, विजेच्या मोटारी. १९०० च्या आगेमागे अमेरिकेतल्या शहरांत त्या मुबलक होत्या, धूर नाही, हँडल मारायला नको. डॉक्टर लोक आणि सुखवस्तू बायका त्या पसंत करत. आणि त्या चालवणाऱ्याच्या मनातला प्रश्न तोच : घरी पोचेपर्यंत पुरेल का? ह्याला उत्तर म्हणून इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डच्या सँगमो कंपनीने १९१० च्या दशकात अँपिअर-तास मीटर बनवले. आत पाऱ्यावर तरंगणारी तांब्याची चकती, भोवती चुंबक. प्रवाह गेला की चकती फिरते, जितका प्रवाह तितकी भरभर, आणि तबकडीवरचा काटा पुढे सरकतो. गाडी चार्जिंगला लावली की चकती उलटी फिरते आणि काटा परत शून्याकडे येतो.

पण मला ज्याच्यासाठी त्या माणसांना नमस्कार करावासा वाटला ती गोष्ट पुढची. शिशाच्या बॅटरीतून १०० काढले तर १०० परत घालून ती भरत नाही, थोडे जास्त घालावे लागतात. काही भाग उष्णतेत आणि पाण्याचे बुडबुडे करण्यात जातो. म्हणून सँगमोने मीटरमध्येच अशी सोय केली की चार्जिंगच्या वेळी काटा मुद्दाम जरा सावकाश मागे यावा. म्हणजे तो शून्यावर येईपर्यंत ते जास्तीचे आपोआप घातले जातात. शंभरेक वर्षांपूर्वी! आज माझ्या मोबाइलवर ह्याच गोष्टीला 'चार्ज एफिशियन्सी' म्हणतात आणि ती टक्क्यांत भरावी लागते.

मग हे सगळं विसरलं कसं गेलं? माझ्या मते दोष (दोष म्हणायचा तर) एका हुशार माणसाचा. चार्ल्स केटरिंगने केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला. हँडल मारणं संपलं, पेट्रोलच्या गाडीला आव्हान उरलं नाही आणि विजेच्या मोटारी हळूहळू गेल्या. पेट्रोलच्या गाडीत बॅटरी उरली ती क्षणभर स्टार्टर फिरवण्यापुरती. इंजिन चालू झालं की ते तिला लगेच भरून टाकतं. जिला सतत कुणीतरी भरत असतं तिचा हिशोब कोण ठेवणार? गाडीच्या डॅशबोर्डवरचा अँपिअर मीटरही पुढे गेला आणि त्याच्या जागी लाल दिवा आला.

केटरिंगनेच १९१६ मध्ये शेतकऱ्यांसाठी डेल्को-लाइट नावाचा संच आणला, हे मात्र त्याच्या पुण्याच्या पारड्यात. लहान इंजिन, जनरेटर आणि ३२ व्होल्टची बॅटरी, काचेच्या बरण्यांत १६ सेल. तारांपासून कोसभर दूर असलेल्या शेतघरांत त्यावर दिवे लागले, कपडे धुवायची यंत्रं चालली. त्या घरांतल्या माणसांना आपली वीज किती उरली हे ठाऊक असे, कारण संपली तर इंजिन त्यांनाच सुरू करावं लागे. १९३५ मध्ये सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, खेड्यांत खांब आले आणि बरण्या अडगळीत गेल्या. त्यानंतर हिशोब राखला तो फक्त जिथे खांब येऊच शकत नव्हता तिथे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पाणबुडीत १२६ सेलच्या दोन बॅटऱ्या असत आणि पाण्याखाली हवा खेळवण्यापासून पळून जाण्यापर्यंत सगळं त्यांच्यावर. आणि टेलिफोन एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत, जिथे बाबा होते.

ट्रेलर ह्या गोष्टीत येतो तो चुकीच्या घराण्यातून. १९३० च्या दशकात मोटारीमागे ओढायची घरं अमेरिकेत लोकप्रिय झाली. दिव्याची वीज मोटारीकडूनच घेतलेली, किंवा मग मुक्कामाच्या जागी खांबाला वायर जोडायची. वॉली बायमसारखे काही अवलिये वेगळे. हा एअरस्ट्रीम ट्रेलरचा कर्ता, १९५९-६० मध्ये ४१ ट्रेलरांचा काफिला घेऊन केपटाऊनहून कैरोपर्यंत गेला. पण बहुतेकांची सुट्टी मात्र खांब असलेल्या कँपग्राउंडवरच जाई. तिथे बॅटरी म्हणजे नुसता पाहुणा. तिच्यासाठी चार दिव्यांचं पॅनेल पुरेसं होतं, मोटारीच्या लाल दिव्याचं हे भावंडच. दोष त्या पॅनेल करणाऱ्यांचा नाही. त्यांनी खांबाशेजारी राहणाऱ्यांसाठी केलं, आणि आम्ही ते अडीच हजार मीटरवर नेलं, ७८ वर्षांच्या माणसाला घेऊन.

हिशोब परत आला तो शिडाच्या बोटींवाल्यांमुळे, समुद्रात खांब नसतात. १९९० च्या दशकात लॅपटॉपमध्येही आला, बॅटरीत शिरणारा-निघणारा प्रवाह मोजणारी चिप. छतावर सोलर पॅनेल टाकून रानात मुक्काम करणारे ट्रेलरवाले वाढले तसा त्यांच्याकडेही. लिथियमच्या बॅटऱ्यांनी तर नाइलाजच केला. त्यांचं व्होल्टेज शेवटापर्यंत जवळजवळ सपाट असतं आणि आत बुडवायला ॲसिडही नाही. दारात उभं राहून मोजणं एवढाच मार्ग.

मार्च २०२३ मध्ये मी बॅटरी मॉनिटर आणला. बॅटऱ्या नव्या घेतल्या : गोल्फच्या गाड्यांत असतात तशा ६ व्होल्टच्या दोन, ओळीने जोडलेल्या, सुमारे २२० अँपिअर-तास. लिथियम का नाही, तर एक म्हणजे तेव्हा परवडत नव्हतं आणि दुसरं म्हणजे झाकण उघडून आत हायड्रोमीटर घालता येईल अशी बॅटरी मला हवी होती. कारण तुम्हाला कळलं असेलच.

मॉनिटरचा जीव म्हणजे तो शंट. पितळेचे दोन ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या करड्या धातूच्या पट्ट्या. त्याच्यावर लिहिलेलं असतं ५०० अँपिअर, ५० मिलिव्होल्ट. म्हणजे ५०० अँपिअर गेले तर दोन टोकांत एका व्होल्टचा विसावा भाग फरक पडणार. आमच्या हीटरच्या ७ अँपिअरने पडतो ०.७ मिलिव्होल्ट. एवढंसं मोजून मॉनिटर हिशोब ठेवतो. हे जमतं कारण त्या पट्ट्या मँगॅनिनच्या आहेत : तांबं, मँगनीज, निकेल. साध्या तांब्याचा रोध ऊन-थंडीने बदलतो, मँगॅनिनचा जवळजवळ नाही. हा मिश्रधातू न्यू जर्सीत नेवार्कला राहणाऱ्या एडवर्ड वेस्टन ह्या मूळच्या इंग्रज माणसाने शोधला. तो नसता तर माझा मॉनिटर उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरंच सांगत बसला असता.

जोडायचा नियम एकच. बॅटरीच्या मायनस टोकावर शंटची एक वायर, दुसरी कुठलीही नाही. बाकी जे जे मायनसला होतं ते सगळं शंटच्या पलीकडच्या ठोकळ्यावर. दारात उभ्या असलेल्या माणसाला चुकवून मागच्या दाराने कुणी जाता-येता कामा नये. नवऱ्याने टॉर्च धरला, मी आधी मायनस सोडवलं, जाड वायरी हलवल्या, प्लसवरून मॉनिटरला एक बारीक फ्यूजवाली वायर दिली. बोटं बधिर झाली होती, पण तासाभरात झालं. मोबाइलवर १०० टक्के दिसलं आणि मी लगेच बाबांना फोटो पाठवला.

रोज सकाळी आकडा कळव, असा हुकूम आला. ट्रेलर अंगणात उभा, आत फक्त गॅसचा अलार्म वगैरे किरकोळ खर्च, छतावर सोलर, रोज लख्ख ऊन. पहिल्या दिवशी उणे ७ अँपिअर-तास. दुसऱ्या दिवशी उणे १४. तिसऱ्या दिवशी उणे २१. मला वाटलं सोलर बिघडलं. मी पॅनेल पुसलं, कंट्रोलर बघितला, व्होल्टेज तर दुपारी तेराच्या वर. मॉनिटरच सदोष निघाला म्हणून परत करायचा विचार चालू केला.

संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल. मी आकडे वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले.

"खर्च रोज सातचा दिसतोय. जमा कुठे आहे?"

"अहो, तेच तर. सोलर भरत असणार, व्होल्टेज दिसतंय ना."

"तो फोटो मोठा करून बघ. बॅटरीच्या मायनसवर किती वायरी आहेत?"

दोन होत्या. जाड काळ्या वायरीच्या मागे सोलर कंट्रोलरची बारीक काळी वायर मी तशीच ठेवली होती. सोलरची सगळी आवक मागच्या दाराने आत जात होती आणि दारावरचा माणूस इमाने इतबारे फक्त जाणाऱ्यांची नोंद करत होता. बाबांनी ते हजारो मैलांवरून, चष्मा कपाळावर चढवून, फोटोत बघून सांगितलं. आई मागून म्हणाली, "आता झोपू दे तिला." (इकडे संध्याकाळ होती आणि तिकडे सकाळ, पण आईचं घड्याळ वेगळं चालतं.) वायर हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून जमेची बाजू दिसायला लागली.

तरी हा जमाखर्चच आहे. रोज थोडीथोडी चूक साठत जाते, म्हणून मॉनिटर अधूनमधून स्वतःला शून्यावर आणतो. बॅटरी पुरती भरली, म्हणजे व्होल्टेज वर आणि आत जाणारा प्रवाह अगदी कमी, असं बघितलं की तो आधीचं सगळं पुसून १०० लिहितो. आणि ती खूण चुकीची भरली तर तो अर्ध्या बॅटरीलाही खुशाल १०० म्हणेल. म्हणूनच मी दुकानातून एक स्वस्तातला हायड्रोमीटर आणून ठेवलाय. आमच्याकडे एक वहीही आहे आता. तारीख, टक्के, व्होल्टेज, ग्रॅव्हिटी, असे रकाने बाबांनी सांगितले तसे.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही परत ग्रेट सँड ड्यून्सला गेलो, मुद्दाम त्याच कँपग्राउंडवर. आई-बाबा नव्हते ह्या वेळी. रात्रभर हीटर चालला. सकाळी सातला मॉनिटर ६१ टक्के म्हणाला. मी हातमोजे घालून बाहेर गेले, सगळं बंद करून तासभर थांबले, एका सेलचं झाकण काढून फुगा दाबला. बाहुली १.२२० वर. हे तर सत्तरच्या पुढचं झालं! म्हणजे मॉनिटर चुकतोय, किंवा मी कुठेतरी आणखी एक वायर विसरलेय. बाबांना फोन लावला, तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते.

"सेल किती गार होता?" बाबांनी विचारलं.

थर्मामीटर टेकवला तर ५ अंश. हायड्रोमीटरचा आकडा २७ अंशांचा धरायचा असतो, थंडीत ॲसिड आकसतं आणि आहे त्यापेक्षा जड वाटतं. अंशाला साधारण ०.०००७. बावीस अंशांचे झाले ०.०१५. फोन कानाशी धरून मी वजाबाकी केली.

"१.२०५," मी म्हटलं. तक्त्यात ते साठच्या आसपासच येतं.

"बाराशे पाच," बाबा म्हणाले. "लिही वहीत. आणि टेंपरेचरचा रकाना आखला नव्हतास ना? आख आता."